हलूनकाताई

माझ्या हृदयाची एमआरआय तपासणी करणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल 'हलूनकाताई' म्हणतं. दिवसभर त्या माइकवरून तेवढंच सांगत असतात. घरी नवरा चहा ओतत असला तरी तोंडातून तेच निघतं, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. आधी त्या एक्स-रे काढायच्या. हे मशीन आलं तेव्हा दोन लेकरं सांभाळून पुन्हा शिकायला बसल्या.

माझी झडप बिघडली होती. तिच्यातून रक्त उलटं गळत असेल, तर छाती उघडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. रंगमंचावर मी पुष्कळदा मेलोय, पण पडदा पडला की उठून बसायचो. या खेपेची खात्री नव्हती.

ताईंनी श्वास रोखायला सांगितला आणि मशीन ठणठणायला लागलं. बाहेर आलो तेव्हा स्क्रीनवर माझी महाधमनी होती. पुढे जाणारं रक्त पांढरं, मागे येणारं काळं. पांढऱ्याच्या ऐन मधोमध काळा डाग होता. सोबत आलेल्या सुनेने माझा हात घट्ट धरला.

ताई मात्र डागाकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी समजावलं. रक्त जास्तीत जास्त किती वेगाने धावेल, हे मशीनला आधी सांगावं लागतं. त्याहून जोरात धावलं, की मशीन फसतं आणि पुढे जाणारं रक्त मागे येताना दाखवतं. भरधाव पंखा कधीकधी उलटा फिरतोय असं वाटतं ना, तसं. त्यांनी वेग बहुतेक कमी धरला होता.

मी हात जोडले. पुन्हा त्या बोगद्यात जायचं त्राण नाही, असेल ते असो, म्हणालो.

"बाबा, अंदाज माझा चुकला असेल, पण छाती तुमची आहे. एकदाच चला."

"आणि डाग तसाच राहिला तर?"

"तर तसं सांगेन. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

गेलो.

नव्या चित्रात डाग नव्हता. रक्त सगळं पुढेच चाललं होतं, जराशा अरुंद झडपेतून घाईघाईने. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं पाहिली आणि ऑपरेशन नको म्हणाले. गोळ्या घ्या, वर्षाने दाखवायला या.

आभार मानायला गेलो, तर ताईंचा डबा अजून उघडायचाच होता. ड्यूटी केव्हाच संपली होती. "आभार राहू द्या, आता जेवू द्या," त्या म्हणाल्या. सून निघायची घाई करत होती. त्यांनी पहिला घास घेईपर्यंत मी दारातून हललो नाही.