वखारीतल्या भुशाच्या विटा

"ओलं आहे. परवा या."

सदाशिव पेठेतल्या त्या वखारीत शिरलं की स्वागत हे असं. बोटाच्या पेरानं ओंडका ठोकायचा, कान द्यायचा आणि गिऱ्हाइकाला घालवून द्यायचं, हा मालकांचा धंदा. विक्री हे मधूनच ओढवणारं संकट. एकदा मी म्हणालो, "अहो, द्या की, घरी वाळेल."

"मग घरीच झाड लावा."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नसेल तर आपण पुण्यात राहत नाही.

आमच्या आईला आंघोळीला बंबाचंच पाणी लागे. गिझरचं पाणी तिच्या मते नुसतंच गरम. ती गेली आणि बंब माळ्यावर गेला. पण वखारवाल्यांना हे सांगायला माझी जीभ रेटेना. एकेक गिऱ्हाईक गळत होतं आणि मी दिसलो की ते विचारत, "आई काय म्हणतात?" मी म्हणे, "बऱ्या आहेत." आणि लाकडं घेऊन येई. शाब्बास माझी!

मग सरपण मिळेनासं झालं. त्यात शेजारच्या नव्या इमारतीतल्या सुशिक्षितांना वखारीतल्या वाळवीची भीती वाटू लागली. शेवटी वखारवाल्यांनी भुसा दाबून केलेल्या विटांचं एक पोतं आणलं आणि माझ्यापुढे ढकललं.

"या ठोकून काय कळणार, कपाळ? पेटवून बघा. आईंनी पसंत केल्या तर गाडीभर मागवतो. नाहीतर जागा देऊन टाकतो बिल्डरला."

खरं सांगायची वेळ हीच होती. मी दोन दिवसांनी जाऊन म्हणालो, "आई म्हणाली, धूर नाही, पाणीही लवकर तापतं." पोत्याची सुतळीसुद्धा मी सोडली नव्हती. त्यांना भयंकर आनंद झाला. म्हणजे ते म्हणाले, "बरं."

गाडीभर विटा आल्या. घेणार कोण? पेठेतले बंब केव्हाच घासूनपुसून दिवाणखान्यात बसलेत, आत मनीप्लांट लावून. थंडी आली, गेली. मी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो.

वखार गेली. निघायच्या दिवशी त्यांचा टेम्पो आमच्या दारात थांबला. उरलेली पोती त्यांनी उतरवून घेतली. आत आले नाहीत, नशीब माझं.

"आईंचं बरोबर होतं. मी स्वतः पेटवून पाहिल्या, उत्तम आहेत. गिऱ्हाईकच नाही, त्याला विटा काय करणार?"

मी पैशांचं काढलं.

"गप्प बसा. लेकीकडे मांजरी गावात राहायला चाललोय. आईंना सांगा, यंदा काटकसर करू नका, भरपूर पाणी तापवा."

मी म्हणालो, "सांगतो."