ब्रेक ठीक आहेत, असे लिहून द्या

पोपटरावांकडे माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते शहाण्णव साली, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या ब्रेककडे. मी शिरूरहून न्हावऱ्याच्या शाळेत रोज एसटीने जात असे. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. दोन्ही हातांत सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, त्यामुळे वरचा दांडा धरायची सोय नाही. एसटीत उभ्या असलेल्या माणसाला आपले गाव आल्याचे पुढच्याच्या पाठीवर आपटल्यावर कळते. मी आपटायच्या तयारीत दात आवळून उभी होते. तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरा की. आलं न्हावरं." गाडी केव्हाच थांबली होती आणि मला पत्ता नव्हता.

उतरताना मी मुद्दाम ड्रायव्हरकडे पाहिले. सडपातळ अंग, बारीक मिशी, खाकी शर्टाची गळ्यापर्यंत लावलेली बटणे. माझ्याकडे त्यांचे लक्षही नव्हते. आरशात पाहून ते मागची एक सायकल पुढे जाऊ देत होते.

पोपटराव न्हावऱ्याचेच. त्यांनी एकतीस वर्षे एसटी चालवली आणि त्या काळात त्यांच्या गाडीखाली कोंबडीही आली नाही. माणसांची पारख ते ब्रेकवरून करत. मुलीला, अनिताला, पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी मुलाची शेती किती, पगार किती, काही विचारले नाही. मुलगा अंगणात मोटारसायकल कशी थांबवतो तेवढे ओट्यावरून पाहिले. पहिला मुलगा दोन्ही पाय जमिनीवर घासत थांबला. त्याला नकार गेला. दुसरा जिथे थांबायचे तिथेच थांबला. तो आज यवतला हार्डवेअरचे दुकान चालवतो आणि अनिता सुखात आहे, असे तिची आई शेवंताबाई सांगतात. पारखीचे श्रेय मात्र त्या देवीला देतात.

दोन वर्षांपूर्वी पोपटरावांच्या मुलाने, विक्रमने, हायब्रिड गाडी घेतली. विक्रम रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, दुचाकीवर जातो-येतो. गाडी घरासाठी आणि चालवायची आप्पांनी, म्हणजे पोपटरावांनी, असे ठरले. पेट्रोलही आहे आणि बॅटरीही आहे, ब्रेक दाबला की आधी मोटर उलटी ओढून बॅटरी भरते आणि मग खरे ब्रेक लागतात, असे त्याने वडिलांना समजावून सांगितले. पोपटरावांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी आधी बॅटरीचं पोट भरायचं, आन् मग माणसाला थांबवायचं."

आमच्याकडच्या स्पीडब्रेकरांबद्दल इथे सांगायला हवे. न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर ते किती आहेत हे सरकारला ठाऊक नाही, कारण त्यांतले निम्मे सरकारने केलेलेच नाहीत. कुणाची शेळी गेली की एक होतो. कुणाचा मेहुणा पंचायतीत निवडून आला की त्याच्या दारासमोर एक होतो, त्यात मानाचा भाग जास्त. आणि प्रत्येक स्पीडब्रेकरच्या अलीकडे चाकांनी आदळून आदळून पडलेला एक खड्डा असतो. म्हणजे आमच्या ड्रायव्हरला ब्रेक दाबायचा तो खड्ड्यातच दाबावा लागतो.

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळी आठच्या सुमारास, न्हावऱ्याच्या चौकात पोपटरावांनी असाच ब्रेक दाबला. चाक खड्ड्यात आपटले आणि त्याच क्षणी, त्यांच्या शब्दांत, "मागनं कुणी ढकलल्यावानी" गाडी पुढे सरकली. पुढे मारुतरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मारुतराव सोसायटीचे चेअरमन. फ्लेक्सवर ते हात जोडून उभे होते आणि गाडी थांबली ती त्यांच्या जोडलेल्या हातांत. माणसाला काही लागले नाही.

त्यानंतर गावात दोन मते झाली. मारुतरावांच्या मते हे विरोधी पॅनेलचे काम होते. निवडणूक सहा महिन्यांवर असताना ब्रेक आपोआप सुटत नाहीत, असे ते दूध डेअरीवर चार लोकांसमोर बोलले. बाकीच्यांच्या मते पोपटरावांचे वय झाले होते. ब्रेक खराब असेल असे तिसरे मत फक्त पोपटरावांचे होते.

विक्रम वाईट मुलगा नाही. त्याने आवाज न चढवता वडिलांच्या हातातून चावी घेतली. "आप्पा, पाय चुकला आसंल. आता नगा चालवू."

"पाय चुकला आसता तर मला कळलं आसतं," पोपटराव म्हणाले.

चावी कपाटात गेली. एकतीस वर्षांत ज्यांच्या हातून काही झाले नाही, त्या माणसाला सत्तराव्या वर्षी मुलाच्या दुचाकीवर मागे बसून शिरूरला जावे लागले. मागे बसून ते प्रत्येक ब्रेकला स्वतःचा उजवा पाय दाबत. हे मला विक्रमनेच हसत हसत सांगितले. मला हसू आले नाही. वडील म्हातारे झाले किंवा ब्रेक खराब आहे, यांपैकी एकच खरे होते, आणि पहिले सोयीचे होते.

पोपटराव माझ्याकडे तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला आले. मी चांगला दीड पानी मजकूर लिहिला. त्यात 'प्राणघातक' आणि 'अक्षम्य' हे शब्द होते. त्यांनी ते दोन्ही खोडायला लावले. "कोण मेलं न्हाई बाई. 'खड्ड्यावर एक क्षण ब्रेक सुटतो' येवढंच लिवा." मुलांच्या निबंधातली विशेषणे कापण्यात माझा जन्म गेला; माझी कापणारे हे पहिलेच.

कंपनीचे उत्तर इंग्रजीत आले. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवले: आपण ज्याचा उल्लेख केला आहे ते या वाहनाचे सामान्य वैशिष्ट्य असून चालकाने त्याची सवय करून घ्यावी. पोपटरावांनी थोडा विचार केला. वैशिष्ट्य असेल तर मग जाहिरातीत का नाही, असे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी विक्रमच्या फोनवर निरोप आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे, आपला अनुभव कसा होता, कृपया तारे द्या.

पुण्याच्या शोरूमला दोन चकरा झाल्या. दोन्ही वेळा त्यांनी गाडी शोरूमच्या आवारातल्या सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवली आणि ब्रेक उत्तम असल्याचे सांगितले. कॉफी दिली. तिथली कॉफीही उत्तम होती.

दरम्यान केडगावच्या डॉक्टर करुणा यांच्याकडे तीच गाडी असल्याचे कळले. मी त्यांना फोन केला. त्यांचाही ब्रेक खड्ड्यावर सुटत होता. त्यांना शोरूममध्ये विचारले गेले होते, मॅडम, गाडी चालवताना पायात कोणती चप्पल असते? त्यांच्या ओळखीच्या एका तरुणाला विचारले होते, मोबाइल पाहत होता का? दौंडच्या एका बागायतदाराला सांगितले होते की पायाखालची मॅट सरकली असेल. गाडी एक, खड्डे सारखे आणि दोष मात्र प्रत्येकाला त्याच्या मापाने शिवून दिलेला. पोपटरावांना वय मिळाले होते, कारण त्यांच्याकडे तेच होते.

पोपटरावांनी एक वही सुरू केली. चावी नव्हती म्हणून विक्रम चालवायचा आणि पोपटराव शेजारी बसून लिहायचे: जागा, वेग, अलीकडे खड्डा आहे की नाही. विक्रम मुळात सावकाश चालवणारा, खड्डा दिसला की कडेने काढणारा. त्याला महिनाभरात दोनदाच काहीतरी जाणवले, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, रस्ताच खराब आहे. पोपटरावांनी तेही लिहिले: 'चालकाच्या मते रस्ता खराब.'

तिसऱ्या चकरेला इंग्रजीची गरज पडेल म्हणून मलाही नेले. तिथे सत्यजीत नावाचा टापटिपीचा मुलगा टॅब घेऊन समोर बसला. त्याने पुन्हा सांगितले की ब्रेक ओके आहेत. पोपटरावांनी वहीचे कोरे पान उघडून त्याच्यापुढे केले.

"मग हितं लिवा. ब्रेक तपासले, ठीक हायेत. खाली नाव आन् सही."

एसटीत ही रोजची रीत होती. ड्रायव्हरने गाडीतला दोष वहीत लिहायचा, मेकॅनिकने काम करून त्याखाली सही करायची. सही नसेल तर पोपटराव गाडी फलाटावर लावत नसत, मग प्रवासी कितीही बोंबलोत. त्यांनी हे सत्यजीतला शांतपणे सांगितले.

सत्यजीत म्हणाला की रिपोर्ट सिस्टीममधून निघतो, त्यावर सही लागत नाही. मग सिस्टीमला बोलवा, असे पोपटराव म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते. मॅनेजर आले. त्यांनी ब्रेक शंभर टक्के ठीक असल्याचे तोंडी सांगितले, दोनदा सांगितले. पेन पुढे केल्यावर म्हणाले, हे कंपनीच्या लीगल विभागाला विचारावे लागेल. त्या काचेच्या इमारतीत ब्रेक ठीक असल्याची खात्री सगळ्यांना होती आणि नाव कुणालाच द्यायचे नव्हते. सही मिळेपर्यंत गाडी नेणार नाही म्हणून पोपटराव सोफ्यावर बसले. विक्रमने लाजून मान खाली घातली.

शेवटी पोपटरावांनी विचारले, गाडीला हात कुणी लावला? मागून वैष्णवी नावाची मुलगी आली, पंचविशीची, कोपरापर्यंत ग्रीस. पाबळला तांत्रिक शिक्षण घेऊन इथे लागलेली.

"बाळ, तू करतीस सही?"

तिने मॅनेजरकडे पाहिले, मग वहीकडे. "आजोबा, मी ही फक्त आवारात चालवलीय. तुमच्या रस्त्यावर चालवलीच नाही, तर सही कशी करू?"

"मग चल," पोपटराव म्हणाले. मॅनेजरनेही ग्राहकाचे समाधान म्हणून तिला पाठवले. आम्ही जातोय यातच त्यांचे समाधान होते.

चौफुल्यापासून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. वैष्णवी चालवत होती, शेजारी विक्रम, मागे आम्ही दोघे. पोपटराव तिला एवढेच सांगत होते की खड्डा चुकवू नको. पहिल्या सात स्पीडब्रेकरांवर काही झाले नाही. विक्रमने मागे वळून वडिलांकडे पाहिले, आणि त्या नजरेत दया होती. पोपटराव खिडकीबाहेरचा ऊस पाहत राहिले.

पारगावच्या पुढे, आठव्याला, चाक खड्ड्यात आपटले आणि गाडी पुढे घसरली. हातभरच, एक क्षण. मग थांबली. वैष्णवीने गाडी मागे घेतली आणि पुन्हा आणली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या विक्रमचा उजवा पाय खालच्या मॅटवर जोरात दाबला गेला.

वैष्णवीने गाडी कडेला घेतली, हात पुसले आणि वही मागितली. लिहिले: 'ब्रेक लावलेला असताना खड्ड्यावर एक क्षण सुटतो. तीन वेळा अनुभवले.' खाली पूर्ण नाव, तारीख, सही. पोपटरावांनी ते दोनदा वाचले.

विक्रमने गाडीची चावी काढून मागे पोपटरावांपुढे धरली. "आप्पा, माझंच चुकलं."

"दुरुस्त होऊ दे आधी," पोपटराव म्हणाले. "तवर ही गाडी मीबी चालवणार न्हाई आन् तूबी न्हाई."

गाडी शोरूममध्ये अकरा आठवडे उभी होती. डॉक्टर करुणांनी वहीच्या त्या पानाचा फोटो तशा गाडीच्या सगळ्या मालकांना पाठवला आणि ज्याने त्याने तो आपापल्या तक्रारीला जोडला. अखेर कंपनीचे पत्र आले: ग्राहकांचा ब्रेकिंगचा आनंद वाढावा म्हणून सर्व गाड्यांचे सॉफ्टवेअर विनामूल्य अद्ययावत करण्यात येत आहे. दोष हा शब्द त्यात कुठेच नव्हता. अधिकार नसताना सही केल्याबद्दल वैष्णवीला लेखी समज मिळाली. त्या समजपत्रावर मात्र तीन जणांच्या सह्या होत्या. मारुतराव मात्र ब्रेक सुटला ते अजूनही विरोधी पॅनेलचेच काम मानतात, कारण निवडणूक ते हरले.

गाडी परत आल्यावर पोपटरावांनी ती चौफुल्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यात घालून पाहिली. शेवंताबाई मागे बसल्या होत्या. नव्या गाडीचे हाडन् हाड मोडून घेतलेत, असे त्या घरी येईपर्यंत बोलत होत्या. ब्रेक कुठेही सुटला नाही.

पोपटराव आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. शेवंताबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना व्यायामासाठी दौंडला न्यावे लागते. गाडी पोपटराव चालवतात.