अलॉयची चार चाके आणि माझी सही

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझे तोंड कडू होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्या गोष्टी मी पाहुण्यांना चवीने सांगतो. ही सांगत नाही, कारण हिच्यात चुकलेला माणूस मी आहे. नावे मात्र कोणाचीच देणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवी छोटी मोटार नागपुरात नुकतीच दिसू लागली होती. ज्याच्या दारात ती उभी राही, त्याची मान चार बोटे वर जाई. लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ती घेतली. पण वर्षभरात तशीच गाडी शेजाऱ्याकडेही आली. मग याने मुंबईहून अलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चकचकीत रुंद चाके मागवली आणि मूळची लोखंडी चाके काढून ती बसवली. हौसेला मोल नसते म्हणतात. असते, फक्त ते दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

हे सारे मला नंतर कळले. आधी कळला तो अपघात. रामटेकचे दर्शन आटोपून व्यापाऱ्याचे कुटुंब दुपारी परतत होते. गाडी खच्चून भरलेली. वळणावर समोरचे डावे टायर फुटले, गाडी डावीकडे ओढली गेली आणि कडेने सायकलवर चाललेल्या एका शिक्षकाला तिने चिरडले. तो जागीच गेला. गाडीतल्यांना खरचटले तेवढेच.

हद्द माझ्या ठाण्याची, ठाणेदार मी. पंचनामा हवालदाराने लिहिला. त्याला पंचनामे तोंडपाठ होते, जागेवर जाण्याआधीच अर्धा तयार असे. ‘गाडीस चार चाके टायरसह, पैकी समोरील डावे टायर फुटलेले, बाकी सुस्थितीत.’ खरे म्हणजे चाक कसले आहे, टायरचा नंबर काय, हे लिहायला हवे. पण त्यासाठी गुडघे टेकून धुळीत वाकावे लागते आणि आमच्याकडे कोणी वाकत नसे. मी खाली सही ठोकली.

ठाण्याच्या आवारात जप्तीच्या गाड्या गंजत पडल्या होत्या, जागा नव्हती. व्यापारी शिफारस घेऊन आला. मी गाडी सुपूर्दनाम्यावर त्याच्या ताब्यात दिली. सुपूर्दनामा म्हणजे ‘बदल करणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन’ असे लिहून देणे. तसे तेव्हा सर्रास चाले. चार दिवसांनी मोटार वाहन निरीक्षकाने गाडी व्यापाऱ्याच्या गोदामातच तपासली. अहवाल आला : यांत्रिक दोष नाही. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा होताच. त्याचा जामीन मालकानेच दिला. ड्रायव्हर म्हणाला, “माहा डोळा लागला होता.” प्रकरण माझ्या लेखी संपले.

आठवड्याने शहरातल्या सदर भागातला एक टायरवाला ठाण्यात आला. तासभर बाकावर बसून राहिला. मी जेवायला उठलो, तेव्हा आडवा आला.

“साहेब, त्या गाडीचे अलॉयचे चाकं मीच बसवले होते. अन् अपघात झाल्यावर मीच काढले.”

“काय म्हणतोस?”

“मालकानं जुने लोखंडी चाकं बसवाले लावले. समोर डावीकडं माह्या भंगारातलं एक फाटकं टायर चढवलं. खरं फुटलेलं टायर माह्याच दुकानात आहे.”

“तेव्हा काहून नाही आला?”

“भेलो साहेब. पन तो ड्रायव्हर दोनदा गाडी घेऊन आला होता माह्याकडं. चाक घासून राहिलं म्हने. मी मालकाले सांगतलं, हे माप या गाडीचं नाही. तर म्हने, चाकावरचा पत्रा, फेंडर, ठोकून घे.”

मी जेवायला गेलोच नाही. निरीक्षकाने तपासली ती गाडी अपघातातली नव्हतीच म्हणायची, आणि ती बदलायची सोय मीच करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला बोलावले. रामटेककडच्या खेड्यातला, चाळिशीचा, अंगाने बारीक माणूस. ठाण्यात पोलिसाने दरडावले की लबाड माणूस मोठ्याने बोलतो आणि भित्रा माणूस खाली पाहतो. हा खाली पाहत होता. मी दरडावणे सोडले, चहा मागवला. अर्धा तास तो एकच वाक्य म्हणत राहिला, डोळा लागला. शेवटी मी विचारले, “भरल्या गाडीत, पोरं ओरडत असताना, भर दुपारी डोळा लागला?”

तो रडायला लागला.

“मालक म्हनाले, तू कबूल कर. वकील माहा, घर माह्यावर. सुटून आला की नोकरी तशीच आहे. अन् चाकाचं बोलला तर तुले कोन ठेवते? साहेब, तीन लेकरं आहे मले. काय करू मी?”

“खरं बोल,” मी म्हणालो. “मी आहे ना.”

हे शब्द मी बोललो. छाती काढून बोललो. तो सगळे सांगून मोकळा झाला.

गोदामावर छापा घातला. सागाच्या फळ्यांमागे, पोत्यात गुंडाळलेली चारही अलॉयची चाके मिळाली. पंच बोलावून जप्त केली. मग ठाण्याच्या आवारात, फुटक्या टायरच्या जागी त्याच मापाचे दुसरे घालून, तीच चाके त्याच गाडीला चढवली आणि मोटार वाहन निरीक्षकाला उभे केले. त्याने गाडीबरोबर मिळणारे पुस्तक उघडून माप ताडून पाहिले. चाक छापलेल्या मापापेक्षा दोन बोटे रुंद होते. असा बदल नोंदणी कार्यालयाला कळवून मंजूर करून घ्यावा लागतो, तशी नोंद कुठेही नव्हती. रिकाम्या गाडीत चाक कुठेही न घासता फिरले. मग मी पाच धिप्पाड शिपाई आत बसवले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावले. टायर फेंडरच्या पत्र्याला करकर घासले. टायरवाल्याकडच्या फुटक्या टायरलाही नेमके तिथेच सुरीने तासावा तसा गोल चर पडलेला होता.

शिपायांनी टाळ्या वाजवल्या. मीही मिशीवर हात फिरवला. व्यापारी मात्र शांत होता.

“हे चाकं मी गाडीले कधी लावलेच नाही, साहेब,” तो म्हणाला. “शौकानं आणले, पडून होते. लावले होते हे कुठं लिहिलं आहे?”

मी त्यालाही आरोपी केले, पण तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. न्यायालयात कळला. टायरवाला साक्षीच्या दिवशी फितूर झाला, कोणत्या गाडीची चाके ते आठवत नाही म्हणाला. त्याला कोणी काय सांगितले ते मी सांगायला नको. मग व्यापाऱ्याच्या वकिलाने माझाच पंचनामा माझ्या हाती दिला आणि विचारले, अपघाताच्या जागी गाडीला हीच चाके होती, असे यात कुठे आहे? दाखवा. खाली सही कोणाची? मी तो कागद दोनदा वाचला. चार चाके टायरसह. बस, तेवढेच होते.

मालक सुटला. ड्रायव्हरचे म्हणणे न्यायालयाला पश्चातबुद्धी, म्हणजे मागाहून रचलेले, वाटले. त्याला शिक्षा झाली, लायसन्स गेले. मालकाने त्याच्या घरच्यांना आधीच दारातून हाकलले होते. खोटे बोलला असता तर नोकरी तरी राहिली असती. जप्त चाके आदेशाप्रमाणे मालकाला परत द्यावी लागली. त्या पावतीवर हवालदाराने माप, प्रकार, एकेका चाकावरची खूण, सगळे न विसरता लिहिले.

निकालाच्या दिवशी शिपाई ड्रायव्हरला नेत होते, तेव्हा तो व्हरांड्यात माझ्यापाशी थांबला. शिव्या देईल असे वाटले. दिल्या असत्या तर बरे झाले असते.

“तुमी मले खरं बोल म्हनलं, साहेब. मी बोललो,” तो म्हणाला. “मंग तुमचा कागद काहून नाही बोलला?”

शिपाई त्याला घेऊन गेले. पुढच्या नोकरीत मी प्रत्येक गाडीखाली स्वतः वाकलो, नंबर स्वतः वाचले, हाताखालच्यांना वाकायला लावले. लोक मला कडक म्हणत. कडक कसला? धडा शिकायला दुसऱ्याचा संसार लागला, त्याला कडक म्हणत नाहीत. पुढेही अनेकांना मी खरे बोल म्हणालो, पण आधी माझे कागद काढून नीट वाचले आणि मगच म्हणालो. त्या माणसाला मात्र मी आधी बोलायला लावले आणि कागद नंतर वाचला.