बडेबाबूंचं ‘हव’

बडेबाबूंच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असे: हव. छत्तीसगढीत हव म्हणजे हो, हे रायपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बडेबाबूंचं हव म्हणजे हो नव्हतंच मुळी. समोरचा बोलत असला की ते मान डोलवत ‘हव’ म्हणत, म्हणजे ‘ऐकून राहिलो, बोला’. बोलणं लांबलं की जरा ओढून ‘हऽव’, म्हणजे ‘अजून आहे का?’ आणि खरोखर होकार द्यायचा असला तर मात्र ‘हो ना बाप्पा’ असं ठणठणीत वऱ्हाडीत म्हणत. हा फरक आमच्या गल्लीला ठाऊक होता, त्यांच्या ऑफिसला ठाऊक होता. एका जहाज कंपनीला तो ठाऊक नव्हता, आणि त्याची चीड माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

ते सरकारी खात्यात हेडक्लार्क, म्हणून बडेबाबू. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. खरं नाव लग्नपत्रिकेत आणि पेन्शनच्या कागदावर असेल, गल्लीत ते कोणी घेत नसे. त्यांच्या घरासमोर आमचं घर. त्यांच्या बायकोला मी घरी काकू म्हणायची आणि शाळेत बाई, कारण त्यांनी मला पाच वर्षं भूगोल शिकवला. दोघांना मूलबाळ नव्हतं. गल्लीतली सगळी पोरं त्यांचीच होती, आणि मी समोरची म्हणून जरा जास्तच.

एकदा पंडरीच्या कापड बाजारात बडेबाबू एक चादर आणायला गेले. दुकानदार एकेक चादर उलगडून गुण सांगत गेला, हे हव हव करत गेले. त्यानं सगळ्या बांधून दिल्या. सात चादरी घेऊन हा माणूस रिक्षातून उतरला! काकूंनी कपाळावर हात मारला. ‘‘काहून आणल्या एवढ्या?’’ तर म्हणाले, ‘‘तो बिचारा इतक्या मायेनं दाखवून राहिला होता, त्याले मध्येच कसं थांबवू?’’ दुसऱ्या दिवशी काकू सहा चादरी काखोटीला मारून गेल्या आणि परत करून आल्या. त्या घरात थांबवायचं काम काकूंचं होतं.

खातं नव्या रायपुरात हललं तेव्हा बडेबाबूंची नोकरी संपत आली होती. रोज सकाळी कर्मचाऱ्यांच्या बसनं ते रुंद, मोकळे रस्ते पार करून जायचे. बस चुकली तर दुसरी कधी येईल याचा नेम नाही. अशा बसमध्येही ते जागा धरून कधी बसले नाहीत. कोणी चढलं की हे उठलेच. ‘‘आपलं काय, आपण मागून येऊ,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रेशनच्या रांगेत तेच, बँकेत तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. गल्लीतले लोक कौतुक करायचे, देवमाणूस म्हणायचे. मला लहानपणीही त्याचा संताप यायचा. अरे, तुम्ही मागून येणार म्हणजे पुढे कोणीतरी फुकटात घुसणारच ना!

मी शिकून पंडरीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात लागले. आधी विमानाची तिकिटं काढायची, मग जहाजाच्या सहली आल्या. मुंबईहून निघायचं, दोन-तीन रात्री समुद्रावर काढायच्या आणि परत. रायपुरातल्या लोकांना त्याचं फार अप्रूप. मी ऑफिसात बसून फोटो दाखवायची आणि गोड गोड बोलायची.

काकूंच्या डोळ्यांना काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं समोरचं तेवढं दिसत होतं, कडा मिटत चाललेल्या. डॉक्टरांनी त्या वर्षी स्पष्टच सांगितलं, ‘‘जे पाहायचं असेल ते या उन्हाळ्यात पाहून घ्या.’’ काकू घरी आल्या, चहा केला, आणि म्हणाल्या, ‘‘मला जहाजावरून किनारा बुडताना पाहायचाय.’’

हे मला समजावून सांगावं लागणार नव्हतं. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात कसं सिद्ध करतात? जहाज लांब जाताना आधी त्याचं बूड दिसेनासं होतं, डोलकाठी शेवटी. काकू फळ्यावर ते जहाज काढायच्या आणि उलटंही सांगायच्या: जहाजात बसलेल्याला किनारा तसाच खालून बुडताना दिसतो, इमारतीचा तळमजला आधी, गच्ची शेवटी. तीस वर्षं हे शिकवलं, पाहिलं एकदाही नाही. कोणी म्हणालं, पुरीला जा, रात्रीतून पोचाल. पुरी त्यांनी चारदा पाहिली होती. ‘‘तिथे मी जमिनीवरच उभी असते ना गं,’’ काकू म्हणाल्या.

बडेबाबू माझ्या ऑफिसात आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी पावसाळ्याआधीची शेवटची सफर काढली. सगळ्यांत स्वस्त खोली, खिडकी नसलेली; किनारा काय, वरच्या डेकवरूनही दिसतोच. तिला आमच्या धंद्यात ‘गॅरंटी’ म्हणतात. बडेबाबू खूश झाले. ‘‘गॅरंटी आहे म्हणजे चिंता नाही.’’ मी काय बोलले? काहीच नाही. गॅरंटी म्हणजे खोली मिळेल, पण कुठली ते कंपनी शेवटी ठरवणार, आणि जहाज जास्त भरलं तर पहिला फोन याच लोकांना जाणार, हे मला माहीत होतं. त्यांना सांगायला दोन मिनिटं लागली असती. मागे तीन गिऱ्हाइकं बसली होती, मी पावती फाडली.

जहाजवाले खोल्या असतात त्यापेक्षा जास्त विकतात. काही लोक ऐनवेळी रद्द करतात, तेव्हा खोली रिकामी जाऊ नये म्हणून. रद्द झालं नाही की मग यांची धावपळ. लोकांना फोन करायचे: साहेब, पुढच्या सफरीला जाता का? बाल्कनीची खोली देतो, जहाजावर खर्चायला वर काही देतो. मी स्वतः एका नव्या जोडप्याला असं पुढच्या सफरीवर ढकललं होतं आणि ‘नशीबवान आहात’ असं सांगून पेढे खाल्ले होते. राजीखुशीनं जाणाऱ्याला काय, मजाच आहे. पण त्या फोनवाल्यांना समोरचा राजी आहे की नुसता भला आहे, हे कळत नाही. कळून घ्यायचंही नसतं.

निघायला नऊ दिवस असताना ऑफिसात पत्र आलं. ‘प्रवाशांच्या तोंडी संमतीनुसार’ बडेबाबू आणि काकूंची सफर पावसाळ्यानंतर ढकलली होती. त्यांची खोली दुसऱ्यांना देऊनही झाली होती. मी तशीच उठले. स्कूटर काढली आणि घरी. बडेबाबू ओट्यावर बसून नव्या चपलांना तेल लावत होते, प्रवासाला चावू नयेत म्हणून.

‘‘तुम्ही फोनवर हो म्हणालात?’’

‘‘कोणाले?’’

‘‘जहाजवाल्यांना!’’

‘‘एक पोट्टी बोलली होती खरं,’’ ते म्हणाले. ‘‘लै भरभर बोलून राहिली होती, अर्धं इंग्रजीत. मले वाटलं, सूचना सांगून राहिली.’’

मी कंपनीला फोन लावला. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, मधे ते टिंगटिंग संगीत. शेवटी एका साहेबानं अगदी शांतपणे रेकॉर्डिंग ऐकवलं. मुलगी धावत्या रेल्वेसारखी बोलत होती आणि प्रत्येक थांब्यावर बडेबाबूंचं ‘हव’. ‘‘सर, आपकी सेलिंग शिफ्ट कर दें?’’ ‘‘हऽव.’’ ‘‘बाल्कनी केबिन मिलेगा सर, कन्फर्म करूँ?’’ ‘‘हव, हव बेटा.’’ मागून काकूंचा आवाज आला, ‘‘कोण आहे हो?’’ आणि बडेबाबू, ‘‘जहाजवाली पोट्टी आहे. बोलून राहिली, बोलू दे.’’ मग फोनमध्ये, ‘‘बेटा, खाना खाया?’’ मुलगी क्षणभर गोंधळली. म्हणाली, ‘‘जी सर, थँक्यू सर,’’ आणि संपलं.

मी ओरडले. म्हटलं, हा माणूस होकार देतच नाहीये, हा फक्त ऐकतोय! मागचं मराठी समजून घ्या, तो म्हणतोय बोलू दे! साहेब म्हणाला, ‘‘मॅडम, हव का मतलब हाँ ही होता है ना?’’

छत्तीसगढीत तर होतोच.

मी डॉक्टरांचा कागद पाठवला. म्हटलं, बाईंची नजर जातेय, पावसाळ्यानंतर उपयोग नाही. साहेबाला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की त्यानं जहाजावरचं एक जेवण वाढवून दिलं. जळो ते जेवण! मी म्हटलं, ग्राहक मंचात जाऊ. पेपरात देऊ. माझ्या मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि या कंपनीवर आपला धंदा आहे, जरा सांभाळून, म्हणाला.

आणि बडेबाबू? त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ‘‘जाऊ दे पोरी. तू भांडशील तर तुझी नोकरी जाईल. त्या फोनवाल्या पोट्टीचीही जाईल, तिनं बिचारीनं काय केलं? आपलं काय, आपण मागून जाऊ.’’

मी त्यांच्यावर इतकी चिडले की जे बोलू नये ते बोलले. ‘‘तुम्ही मागून जाल हो. काकूंचे डोळे थांबणार आहेत का?’’ काकू आत होत्या. त्यांनी ऐकलं. बडेबाबू नुसते चपलांकडे पाहत राहिले. त्या दिवशी मी त्यांच्या घरी चहा न घेता निघून आले, आयुष्यात पहिल्यांदा.

पावसाळाभर काकू बडेबाबूंकडून रोज पेपर वाचून घेत. आधी मथळे त्या स्वतः वाचायच्या, मग मथळेही बडेबाबू. नवरात्रात त्यांनी मला हाताला चाचपून ओळखलं. सफरीचे पैसे परत घ्यावे म्हणून मी दहादा सांगितलं, पण काकूंनी ऐकलं नाही. ‘‘निदान समुद्राचा आवाज तरी ऐकून येते,’’ म्हणाल्या. गेले दोघं. बाल्कनीची खोली घेऊन गेले.

परत आल्यावर बडेबाबू ऑफिसात आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. सगळ्यांना एकेक वाटला. मग माझ्यासमोर बसले आणि हळूच म्हणाले, ‘‘पोरी, काकूले सांगू नको. संध्याकाळी आम्ही बाल्कनीत उभे होतो. तिनं विचारलं, बुडून राहिला का किनारा? मी म्हटलं, धुकं आहे, कोणालेच काही दिसत नाही. सारे लोक आत गेले म्हटलं.’’

‘‘आणि धुकं होतं?’’

‘‘कशाचं धुकं! लख्ख होतं. मुंबईचे दिवे लागले होते. खालच्या ओळी पहिले गेल्या, मग मधल्या. शेवटी उंच इमारतीच्या डोक्यावरचा एकच लाल दिवा. तिनं फळ्यावर काढलं होतं ना, तस्सं.’’ एवढं बोलून ते माझ्या टेबलावर डोकं टेकून रडले. गिऱ्हाइकं पाहत होती. मी पाहू दिलं. मालक केबिनच्या दारात आला, त्यालाही पाहू दिलं. पाहा ना, ही तुमची बाल्कनी!

पुढच्या उन्हाळ्यात बडेबाबू गेले, झोपेतच. तेराव्याला गर्दी ओसरल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं. माझा हात हातात धरला.

‘‘तुला एक सांगते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी यांनी मला धुकं आहे म्हणून सांगितलं. पण शेजारच्या बाल्कनीत एक बाई होती. ती नवऱ्याला सारखी म्हणत होती, अरे देखो, नीचे की मंज़िलें चली गईं, अब ऊपरवाली जा रही हैं. मी सगळं ऐकत होते. यांना वाटत होतं, लाटांच्या आवाजात मला ते ऐकू येत नाही. एवढ्या जिवानं खोटं बोलत होते गं, मी कशाला मोडू? मी म्हटलं, धुकं असेल तर आत जाऊ, थंडी वाजते.’’

दोन माणसं एका खोलीत राहून, एकमेकांना जपत, तेवढी एक गोष्ट वेगवेगळी गिळून बसली होती. ज्यांनी ही वेळ आणली त्यांच्या कागदावर ती सफर कुठल्यातरी रकान्यात चोख बसली असेल. आणि मी? त्या गॅरंटीची पावती मीच फाडलेली.

‘‘त्या बाईचं नुसतं ऐकलं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल. तुला काही बोलले का? खालचेच आधी गेले ना?’’

सांगू नको म्हणाले होते. मी सांगितलं.

‘‘हो बाई,’’ मी म्हटलं. ‘‘खालचेच आधी गेले.’’