दर गुरुवारी वीज खातं कोण?

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. भर पाहणीत मी एका वयस्कर माणसाला चोर ठरवायला निघाले होते.

इंग्लंडमध्ये वॉटफर्डला आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आमच्या एरियातल्या सगळ्या कंपन्यांचे मीटर एका ऑनलाइन बोर्डवर आणले. कोण किती वीज जाळतं, ते शेजाऱ्यांनाही दिसायला लागलं. मग लाजेकाजेस्तव आमच्याकडेही प्रयोग सुरू झाला. सर्व्हर रूममधली गरम हवा पाइपने शाई वाळवायच्या खोलीत न्यायची. ती कमी पडली तरच तिथला हीटर लागणार. काम माझ्याकडे, मी प्रोबेशनवर. प्रयोग फसला की नोकरी गेली.

आणि दर गुरुवारी हीटर दिवसभर चालू!

माझा संशय थेट कुलकर्णी काकांवर. मेन्टेनन्स त्यांच्याकडे, आणि त्या बोर्डवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. सर्व्हर रूमची चावी दोघांकडेच, ते आणि मी. मी कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईन?

"काका, गुरुवारी आत काय करता तुम्ही?"

"फिल्टर बघतो. अगं, हल्ली आत आंबट वास येतो."

"विषय बदलू नका."

"बरं. मग कॉम्प्युटरलाच विचार."

बघितलंत? निर्दोष माणूस असा टोमणा मारेल का?

पुढच्या गुरुवारी कौन्सिलच्या बाई पाहणीला आल्या. बोर्डवर आमची रेघ चढलेली. मॅनेजर हेलन माझ्याकडे बघायला लागली, तशी मी म्हणाले, "कोणीतरी मुद्दाम करतंय. चला, दाखवतेच." आणि काकांकडे रोखून बघितलं.

काकांनी शांतपणे सर्व्हर रूमचं दार उघडलं. पाइपच्या तोंडावर, सगळी हवा अडवून बसलेलं, शालीत गुंडाळलेलं, माझं इडलीच्या पिठाचं पातेलं.

आता मला सांगा, या थंडीत घरी पीठ फुगतं का? दर शुक्रवारी मैत्रिणी जेवायला येतात. वीज खाणारी प्रत्येक वस्तू मी तपासली होती हो, पण पातेल्याला प्लग कुठे असतो?

"हे काय आहे?" हेलनने विचारलं.

काकांनी झाकण उचलून आत डोकावलं. "छान फुगलंय," म्हणाले.

नोकरी वाचली, कारण बिघाड सापडला होता. कौन्सिलच्या बाई तर खूशच झाल्या. त्यांच्या बोर्डवर आता सगळ्या कंपन्यांसाठी सूचना आहे: 'गरम हवेच्या पाइपवर जेवण ठेवू नये.' त्याखाली हा शोध लावणारीचं नाव, फोटोसकट. पर्यावरणासाठी मी आजवर केलेलं संशोधन ते एवढंच.