पाणी माघारी येईपर्यंत

कळंबकरांनो, आज आईला घेऊन हर्णैला आलोय. पुढं दाभोळ, गुहागर बघायचं ठरलं होतं. पण आईनं वाळूतच बैठक मारली. वारा असा की बोललेलं ऐकू येईना.

"पाणी माघारी आल्याबगर मी उठायची न्हाय."

साठ-बासष्ट साली शाळेच्या सहलीत ती इथं आली होती. ओहोटीतच सगळे परतले. तिनं गावात सांगितलं, समुद्रबी आटतो. दर उन्हाळ्यात विहिरीचा तळ बघणाऱ्या गावाला ते लगेच पटलं.

आज कानाला पदर गुंडाळून आई चार तास बसली. पायाला पाणी लागलं तेव्हा म्हणाली, "आता कुणाला सांगू? ती माणसं तर गेली."

त्यांची नातवंडं या ग्रुपवर असतील. आईचा निरोप आहे, समुद्र परत भरतो.