चोविसावं वर्ष

भावाचा फोन सकाळी सहाला आला, मग सव्वासहाला, मग सातच्या आत आणखी तीनदा. मी जर्मनीत, वाल्डॉर्फ गावातल्या घरात मुलीचा किंडरगार्टनचा डबा भरत होते. भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नुकताच चोवीस पूर्ण झालेला, जर्मनीतच येनाला प्रकाशशास्त्रात पीएचडी करत होता. एरवी महिन्याकाठी एखादा फोन, तोही मीच केलेला. त्या आठवड्यात मात्र तो इतका आनंदात होता की सुरुवातीला मला बरंच वाटलं.

"ताई, मला झोपेची गरजच उरली नाहीये," तो म्हणाला. पाच दिवसांत तासाभराहून जास्त झोपलो नाही, तरी डोकं काचेसारखं स्वच्छ आहे, असं सांगत होता. एका वाक्यातून दुसऱ्यात असा उडी मारत होता की मला हो म्हणायलाही फट सापडेना. मी ऑफिसला कळवलं, मुलीला नवऱ्यावर सोपवलं आणि गाडी पकडली.

दुपारी त्याच्या वोनहाइमचे, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाचे, जिने चढून तिसऱ्या मजल्यावर आले आणि थांबले. तिथली मुलं बूट आपापल्या खोलीबाहेर काढून ठेवतात. ते सगळे बूट कुणीतरी उचलून कॉरिडॉरच्या मधोमध एका ओळीत मांडले होते. तीसेक जोड असतील, सगळ्यांची टोकं जिन्याकडे. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं, पण माणसं रांगेत उभी आहेत आणि मीच त्यांच्या वाटेत आलेय, असं वाटलं.

भाऊ दारात आला. डोळे लखलखीत, हात थरथरणारे. हलकेच एक टाळी वाजवून म्हणाला, "सगळे निघालेत."

हे मी आधी पाहिलं होतं. सात वर्षांची असताना, चिंचवडला. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, तेव्हा आमच्याकडे राहत. एका सकाळी त्यांनी इमारतीतल्या तिन्ही मजल्यांच्या चपला आणून आमच्या दारापासून जिन्यापर्यंत अशाच मांडल्या होत्या. शेजारचे आजोबा ओरडत आले, तेव्हा काकांनी अशीच एक टाळी वाजवली आणि हेच दोन शब्द बोलले. नंतर मला सांगितलं की काकांना नागपूरला नोकरी लागली. पुढच्या वर्षी सांगितलं की ते वारले, हृदय बंद पडलं. भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला. घरात काकांचा फोटो नव्हता, विषय तर नाहीच.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. तुझे हात का कापतायत ते एकदा डॉक्टरांना दाखवू, एवढंच म्हटलं. मला वाटलं होतं तो नकार देईल. तो पलंगावर बसला आणि एकदम लहान आवाजात म्हणाला, "थांबताच येत नाहीये गं." आम्ही ट्रामने क्लिनिकला गेलो आणि तो स्वतःच्या सहीने दाखल झाला.

त्याच्या परवानगीने डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या. माझ्यासाठी मुद्दाम सावकाश जर्मन बोलत होत्या. कुटुंबात कुणाला असं कधी झालं होतं का, त्यांनी विचारलं. मी लगेच 'नाइन', म्हणजे नाही, म्हणाले. इतकं सहज आलं ते तोंडून की माझी मलाच भीती वाटली. मी त्यांना थांबायला सांगितलं, बाहेर अंगणात गेले आणि बाबांना फोन लावला.

त्यांना बुटांचं सांगितलं. बाबा म्हणाले, "तुझा काका तेवीसचा होता, पहिल्यांदा झालं तेव्हा." नागपूरची नोकरी नव्हतीच, काका दवाखान्यात होते. हृदय आपोआप बंद पडलं नव्हतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"तुझी आई रोज सकाळी तुझ्या भावाच्या खोलीच्या दारात उभी राहायची ना," बाबा म्हणाले, "तो किती वाजेपर्यंत झोपतो ते बघायला. सतराव्या वर्षापासून. चोविसावा वाढदिवस झाला तेव्हा वाटलं, सुटलो."

दारात उभी असलेली आई मला आठवली. मला वाटायचं, ती त्याला उठवायला येते. मग आणखी काहीतरी आठवलं, आणि मी विचारलं, "बाबा, माझ्याही दारात?"

"तुझ्याही," ते म्हणाले.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. बायपोलर असावा असं त्यांना वाटत होतं, नक्की व्हायला वेळ लागणार होता. हा आजार कुणालाही होऊ शकतो, त्या म्हणाल्या. बहुतेकदा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. जवळच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते. काकांचं नातं आईवडिलांपेक्षा एक पायरी दूर, तरी ते मोजायचं. आणि अशा घरांतल्या बहुतेकांना तो होतही नाही. ज्याचा कल आहे त्याला मोठा ताण, तुटलेली झोप ढकलून देऊ शकते.

"आणि बूट?" मी विचारलं. "ते शब्द?"

"वारशाने कल येतो, वाक्यं येत नाहीत," त्या म्हणाल्या. कधीतरी घरात कुणी बोललं असेल, त्याच्या कानावर पडलं असेल. बाबा आजही शपथेवर सांगतात की कुणी बोललं नव्हतं.

मी माझ्याबद्दल विचारलं, मग मुलीबद्दल. हा आजार सुरू व्हायचं नेहमीचं वय माझ्या बाबतीत बरंचसं उलटून गेलंय, पण अमुक तारखेला दार बंद होतं असं नसतं, असं उत्तर आलं. आणि मुलीवर पहारा ठेवू नका, घरात बोलत राहा. दुसरं जमलं. पहिलं अजून पूर्ण जमत नाही. सकाळी तिच्या खोलीवरून जाताना पाय आपोआप थांबतात आणि मी ते पुढे ओढते.

भाऊ सात आठवडे क्लिनिकमध्ये होता. नंतर लांबलचक उदास हिवाळा आला. तो त्या लखलखाटापेक्षा मला जड गेला. आता तो लिथियम घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासून घेतो, ठरल्या वेळी झोपतो. पीएचडी एक वर्ष मागे पडली, पण चालू आहे.

गेल्या ईस्टरला तो आमच्याकडे आला होता. सकाळी नाश्त्याला टेबलावर व्हिडिओ कॉलवर आईबाबा होते. त्याने गोळी घेतली तशी मुलीने जर्मनमध्ये विचारलं, मामा, तुला काय झालंय? आईने पलीकडून पटकन दुसरा विषय काढला. भावाने तो बाजूला सारला.

"माझ्या मनाला कधी कधी थांबता येत नाही," तो तिला मराठीत म्हणाला, "म्हणून ही गोळी."

"आख सो, असं होय," म्हणून ती पुन्हा ब्रेड खायला लागली.

पडद्यावर बाबा चष्मा काढून बसले होते. आईकडे न बघता ते म्हणाले, "माझ्या भावालाही असंच व्हायचं." मग आम्हाला कधीच न सांगितलेलं, काका किती छान पोहायचे ते सांगू लागले.